खोली काढायला जागा हवी

मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने ड्रॉइंगच्या सरांना एका विशिष्ट पवित्र्यात पाहिलेलं असतं. उजवा हात खांद्यापासून ताठ पुढे, मुठीत उभी पेन्सिल, पेन्सिलीवर अंगठा, एक डोळा घट्ट मिटलेला आणि तोंड किंचित वाकडं. समोर टेबलावर तांब्या, दोन वांगी आणि मागे मुद्दाम चुरगळून टाकलेलं कापड. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या कला संचालनालयाच्या ग्रेड परीक्षांना बसलेल्या पोरांनी हा पवित्रा सरांकडून जसाच्या तसा उचलला. तो अंगठा वर-खाली का करायचा आणि त्यातून निघालेल्या मापाचं पुढे करायचं काय, हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही. ग्रेड मिळाली की झालं. वांग्यांशी त्याहून जवळचा संबंध ठेवायचं कारण नव्हतं.

त्या मिटलेल्या डोळ्याचा खुलासा व्हायला माझी पन्नाशी उलटावी लागली. आमच्या डोंबिवलीतल्या सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी मोठ्यांसाठी चित्रकलेचा वर्ग सुरू झाला. शिकवायला एका शाळेतून निवृत्त झालेले ड्रॉइंगचे सर. शिकायला बँकेतून निवृत्त झालेले एक काका, कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून आयुष्य काढलेले दुसरे काका, दारात रोज रांगोळी घालणाऱ्या एक काकू, टॅबलेट घेऊन आलेला एक आयटीतला मुलगा, आणि घरात रविवारी सकाळी नळदुरुस्तीची कामं निघतात म्हणून बाहेर पडलेले आम्ही तिघेचौघे.

सर म्हणाले, "आज खोली काढू. वन-पॉइंट पर्स्पेक्टिव्ह." पुस्तकात याला यथार्थदर्शन म्हणतात, पण हा शब्द उच्चारताच समोरचा माणूस कीर्तनाला आल्यासारखा मांडी घालून बसतो, म्हणून सर तो वापरत नाहीत.

कृती ऐकायला फारच सोपी आहे. कागदाच्या मध्यभागी एक आयत काढायचा. ती समोरची भिंत. त्यावरून एक आडवी रेघ फिकट ओढायची; ती आपल्या डोळ्यांची पातळी, म्हणजेच क्षितिज. त्या रेघेवर एक ठिपका द्यायचा. तो व्हॅनिशिंग पॉइंट. आता ठिपक्यापासून आयताच्या चारही कोपऱ्यांतून चार रेघा कागदाच्या कडेपर्यंत न्यायच्या आणि आयताच्या आतलं खोडून टाकायचं. झाली खोली. वर छत, खाली जमीन, दोन बाजूंना भिंती. आत्तापर्यंत सपाट असलेल्या कागदात एकदम पाय टाकावासा वाटतो. वर्गात क्षणभर शांतता पसरली आणि आपण आजवर उगाच नोकरी केली असा भाव तीन-चार चेहऱ्यांवर उमटला.

मग बँकवाल्या काकांनी हात वर केला. "खोलीत क्षितिज कुठून आलं? समोर तर भिंत आहे."

"भिंतीमागे आहे," सर म्हणाले. "भिंत बांधली म्हणून क्षितिज रजेवर जात नाही."

"दिसत नसलेली गोष्ट काढायची कशी?"

"तुम्ही बँकेत व्याज काढायचात, ते दिसायचं?"

काका गप्प बसले. पण व्हॅनिशिंग पॉइंटला सर 'व्हीपी' म्हणायला लागल्यावर ते पुन्हा अस्वस्थ झाले. त्यांच्या बँकेत व्हीपी ढिगाने होते आणि त्यातल्या एकाही जागी सगळ्या रेषा कधी मिळालेल्या नव्हत्या.

या क्षितिजाची एक गंमत मला अजून पुरती पचलेली नाही. ते जगाचं नसतं, आपलं असतं. आपण पाटावर बसलो की ते खाली बसतं, उभे राहिलो की उभं राहतं, पंखा पुसायला स्टुलावर चढलो की तेही स्टुलावर चढतं. सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या आपल्याएवढ्या उंचीच्या सगळ्या माणसांचे डोळे त्याच एका रेषेवर येतात, मग ती दहा फुटांवर असोत की शंभर फुटांवर. लांब गेलेल्या माणसाचं डोकं जागच्या जागी राहतं. वर सरकतात ते त्याचे पाय. हे खोटं वाटत असेल तर संध्याकाळी गर्दीच्या वेळी फलाटावर उभं राहून बघा. डोक्यांची एकच लांबलचक ओळ दिसते. एखादं डोकं त्या ओळीच्या वर गेलं, तर तो माणूस उंच तरी आहे किंवा बाकावर तरी चढलाय. ग्रेड परीक्षेच्या स्मरणचित्रात आम्ही बाजाराच्या गर्दीतली लांबची माणसं डोक्यासकट वर वर चढवत नेली होती. आमचा बाजार नेहमी घाटात भरायचा, त्याचं कारण आत्ता कळलं.

तर मुद्दा खोलीचा. घरी जाऊन आपापला हॉल काढून आणा, असं सरांनी सांगितलं, आणि जाता जाता एक नियम टाकून गेले: डोळ्यापुढच्या साठ अंशांच्या शंकूत जेवढं मावतं तेवढंच चित्रात घ्या. त्याच्या बाहेरचं घ्यायला गेलात की आकार ताणले जातात आणि कोपऱ्यातल्या चौकोनी लादीची शंकरपाळी होते.

हा नियम ऐकून ड्राफ्ट्समन काकांनी वहीच्या मागच्या पानावर आकडेमोड केली. आमच्या इमारतीतले हॉल दहा बाय बारा. दहा फूट रुंदी साठ अंशांत बसवायची तर डोळा तिच्यापासून साडेआठ फुटांहून थोडा जास्तच लांब हवा. म्हणजे मागच्या भिंतीला पाठ टेकवून बसलं, तरी आपल्या पुढ्यातली साडेआठ फूट खोली चित्राच्या बाहेर राहते. हाती लागतात समोरच्या भिंतीलगतचे जेमतेम सव्वातीन फूट. त्यात टीव्ही आणि त्याच्याखालचं कपाट येतं. सबंध हॉल काढायचा असेल तर पाठीमागच्या भिंतीतून आणखी साडेआठ फूट मागे जाऊन बसलं पाहिजे. तिथे माझ्या बाबतीत शेजाऱ्यांची बेडरूम आहे. काकांच्या बाबतीत लिफ्टचा खड्डा.

मला वाटतं, या शास्त्राबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे आणि ती कुठल्याच पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापत नाहीत. खोली काढायची तर आधी खोलीबाहेर जायला जागा पाहिजे. हे शास्त्र ज्यांनी उभं केलं, त्या फ्लॉरेन्सच्या मंडळींकडे ती होती. चर्च, चौक, मठांची भोजनगृहं. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रुनेलेस्कीने पहिला प्रयोग केला तोही खोलीवर नाही. कॅथिड्रलच्या दारात आत उभं राहून त्याने समोरच्या चौकातली बाप्तिस्त्री, म्हणजे बाप्तिस्मा देण्याची इमारत, एका फळीवर रंगवली. मग त्या फळीला भोक पाडलं. बघणाऱ्याने फळीच्या पाठीमागून भोकाला एक डोळा लावायचा, समोर आरसा धरायचा आणि आरशात चित्र बघायचं. आकाश त्याने रंगवलंच नव्हतं. तिथे चकचकीत चांदी लावली होती, म्हणजे खरे ढग तिच्यावरून सरकताना दिसत. एवढा खटाटोप का? तर डोळा एकच हवा, आणि तो बरोब्बर एकाच जागी हवा. सरांच्या मिटलेल्या डोळ्याचं मूळ हे असं थेट फ्लॉरेन्सात निघालं.

मराठी घरात एक डोळा मिटून एका जागी बसणं किती अवघड आहे, याची कल्पना ब्रुनेलेस्कीला असायचं कारण नव्हतं. मी हॉलमध्ये मागच्या भिंतीला खुर्ची लावून, मांडीवर बोर्ड घेऊन, पेन्सिल ताठ धरून बसलो. पहिल्यांदा आई आली. "अरे, रांजणवाडी आली का? लवंग उगाळून देते, थांब." नाही म्हटलं तरी तिने लवंग आणि सहाण काढलीच. मग बायको. "अहो, तेवढी खुर्ची सरकवा, लादी पुसायची आहे." खुर्ची सरकवायची म्हणजे डोळा सरकला, डोळा सरकला म्हणजे ठिपका सरकला, ठिपका सरकला म्हणजे छत, जमीन आणि दोन्ही भिंती पुन्हा. हे तिला समजावून सांगितल्यावर ती म्हणाली, "मग पाय वर घ्या." पाय वर घेतल्याने क्षितिजाला धक्का लागत नाही, एवढीच त्या सकाळची कमाई.

वसारीने इटालियन चित्रकारांची चरित्रं लिहिली, त्यात पाओलो उच्चेल्लोची हकिगत आहे. हा गृहस्थ रात्र रात्र पर्स्पेक्टिव्हच्या रेघा ओढत बसायचा, बायको झोपायला हाक मारायची, आणि तो आतून या विद्येच्या गोडीचं वर्णन ऐकवायचा. बायकोचं त्यावरचं मत वसारीने दिलेलं नाही. आमच्याकडे ते दिलं गेलं.

लादी पुसून झाल्यावर लादीचाच प्रश्न पुढे आला. छत आणि भिंती ठिपक्याने दिल्या. आता जमिनीवर चौकोन पाडायचे. ठिपक्याकडे जाणाऱ्या रेघा सोप्या असतात, कारण पुढची कड सारख्या भागांत वाटली की झालं. आडव्या रेघा किती किती अंतरावर घ्यायच्या, तिथे सगळं अडतं. वर्गातल्या प्रत्येकाने त्या अंदाजाने घेतल्या होत्या: मागे जाताना थोडी लहान, अजून थोडी लहान. १४३५ साली आल्बेर्टीने चित्रकलेवर जो ग्रंथ लिहिला, त्यात नेमक्या याच लोकांना झापलंय. त्याच्या काळातले चित्रकार प्रत्येक पुढचं अंतर आधीच्या अंतराच्या दोन तृतीयांश धरायचे आणि आपण फार शास्त्रशुद्ध आहोत असं समजायचे. आल्बेर्टीने त्यांना तपासणी दिली. फरशीच्या एका कोपऱ्यापासून तिरकी पट्टी लावा. ओळीने येणाऱ्या चौकोनांचे कोपरे त्या एकाच सरळ रेघेवर आले तर फरशी खरी. नाहीतर नाही.

सरांनी वर्गात सगळ्यांच्या कागदांवर तिरकी पट्टी लावली. एकामागून एक फरशा नापास झाल्या. आयटीतल्या मुलाचीसुद्धा, त्याच्या टॅबलेटमध्ये पर्स्पेक्टिव्हची तयार जाळी मिळते, पण ती वापरणं त्याला कमीपणाचं वाटलं होतं. पास झाल्या फक्त रांगोळीवाल्या काकू. त्यांनी ना आल्बेर्टी वाचला होता, ना सरांचा नियम नीट ऐकला होता. त्या म्हणाल्या, "ठिपके मांडताना तिरकं बघूनच घ्यायचं असतं. नाहीतर शेवटची ओळ पळते." पंधरा ते एकच्या ठिपक्यांची रांगोळी वाकून घालणाऱ्या बाईला चौकोनाच्या कर्णाबद्दल फ्लॉरेन्सहून काही मागवावं लागत नाही. सरांनी त्यांची फरशी सगळ्यांना फिरवून दाखवली. ड्राफ्ट्समन काकांनी ती हातात धरून बराच वेळ पाहिली आणि 'हं' म्हणाले. कारखान्याच्या भाषेत हे पारितोषिक समजायला हरकत नाही.

आमच्यासारख्यांसाठी सरांनी दुसरी रीत दाखवली. क्षितिजरेषेवरच, व्हॅनिशिंग पॉइंटपासून बाजूला, आणखी एक बिंदू घ्यायचा: आपला डोळा चित्रापासून जेवढा लांब, तेवढाच हा बिंदू ठिपक्यापासून लांब. तिथून फरशीच्या कोपऱ्याकडे रेघ ओढली की ती वाटेतल्या रेघांना जिथे जिथे छेदेल, तिथे तिथे आडव्या रेघा. रीत बिनचूक आहे. अडचण एकच, की हा अंतरबिंदू बहुतेक वेळा कागदाच्या बाहेर पडतो. घरी मी जेवणाच्या टेबलावर कागद चिकटवला, क्षितिजरेषा टेबलावरून खडूने पुढे वाढवली आणि अंतर मोजलं. बिंदू पोह्यांच्या बशीत आला. बशी हलवता येत होती, पण ज्यांच्या पुढ्यात ती होती ते आमचे मेव्हणे हलायला तयार नव्हते. शास्त्राला जागा लागते, हे मी मघाशी म्हटलंच.

रेघा ओढायला सर टाचणी आणि शिवणाचा दोरा देतात. टाचणी ठिपक्यात टोचायची, दोऱ्याचं एक टोक तिला बांधायचं आणि दोरा ताणून हवा तिकडे फिरवायचा. पट्टी हुकते, दोरा हुकत नाही. हे शालेय हस्तकलेतलं वाटतं, पण मिलानमध्ये लिओनार्दोच्या 'लास्ट सपर'च्या जीर्णोद्धारात येशूच्या कानशिलाजवळ खिळ्याचं बारीक भोक सापडलं, ते याच कारणाने. सगळ्या छताच्या तुळया आणि भिंतीवरचे पडदे तिथे जाऊन मिळतात. भिंतीवर खिळा, खिळ्याला दोरी, आणि मग लिओनार्दो. चित्र मठाच्या भोजनगृहात आहे, आणि भिंतीवर इतकं वर आहे की ज्या उंचीवरून ते खोलीतच उघडल्यासारखं दिसावं, तिथे जमिनीवर उभ्या माणसाचा डोळा पोचतच नाही. पुढे १६५२ साली मठातल्या लोकांनी त्याच भिंतीला मधोमध दार पाडलं आणि येशूचे पाय गेले. जायला-यायला वाट हवी होती. जगातल्या सर्वांत नामांकित काढलेल्या खोलीचं हे झालं. माझ्या चित्रातल्या भिंतीवर आईने किराण्याचा हिशेब केला, तर मी ते फार मनाला लावून घेतलं नाही.

रिकामी खोली एकदाची उभी राहिली की सामान भरायचं. इथे वन-पॉइंटची खरी अट बाहेर येते: एकूण एक वस्तू भिंतीला समांतर पाहिजे. दिवाण समांतर, टेबल समांतर, चटई समांतर. जी वस्तू तिरकी पडली, ती स्वतःचा वेगळा व्हॅनिशिंग पॉइंट घेऊन येते. अर्धवट उघडलेलं दार आलं की एक बिंदू वाढला. दारातल्या चपला तर घरातल्या माणसांइतक्याच दिशांना तोंड करून असतात. त्यातली प्रत्येक चप्पल क्षितिजावर आपापली जागा अडवून बसते. जोडीच्या दोन चपलासुद्धा एका बिंदूवर एकमत करत नाहीत. सरांनी चपला गाळायची परवानगी दिली, त्यावर बँकवाले काका म्हणाले, "मग हे माझं घर नाही, सॅम्पल फ्लॅट झाला." हे वाक्य मी लक्षात ठेवलं, कारण पुढे ते उपयोगी पडणार होतं.

आजोबांच्या फोटोने आणखीनच गोत्यात आणलं. जुने फोटो दारावर उंच टांगतात आणि वरून पुढे झुकवतात, खालून बघणाऱ्याला नीट दिसावेत म्हणून. म्हणजे चौकटीच्या दोन्ही उभ्या कडा खाली जाता जाता भिंतीकडे मागे जातात आणि क्षितिजाच्या खाली कुठेतरी मिळतात. ड्राफ्ट्समन काकांनी हिशेब लावून सांगितलं, की तुमच्या आजोबांचा बिंदू जमिनीच्याही खाली पडतो. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. आजोबांनी हयातीत कधी खालच्यांकडे चहासुद्धा घेतला नव्हता.

राहिला पंखा. पंखा हा खोलीचित्राचा खरा पेपर आहे, बाकी सगळं तोंडी. पाती ज्या वर्तुळात फिरतात ते वर्तुळ लंबवर्तुळ होतं, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. ते चौकोनात बसवून घ्यायचं हेही कळतं. पण मग पंख्याची दांडी लोक त्या लंबवर्तुळाच्या बरोब्बर मध्यावर आणून सोडतात, आणि पंखा आता पडतो की मग पडतो असा दिसायला लागतो. वर्तुळाचं खरं केंद्र चौकोनाचे कर्ण जिथे छेदतात तिथे असतं आणि ते लंबवर्तुळाच्या मध्यापेक्षा किंचित पलीकडच्या कडेकडे सरकलेलं असतं. लांबचा अर्धा भाग आक्रसतो ना, म्हणून. फरक मिलिमीटरभराचा. पण तेवढ्यासाठी वर्गातल्या एका काकूंनी आपल्या चित्रातला पंखा खोडून तिथे एसी लावला. एसी भिंतीला समांतर असतो.

ज्यांच्या खोल्या मुळातच काटकोनात नाहीत, त्यांचं दुःख निराळं. गवंड्याने ओळंबा सोडलेला असतो, गुण्या लावलेला असतो, तरी एक कोपरा काटकोनाहून चिमूटभर जास्त होतो आणि तिथे कपाट कधीच भिंतीला टेकत नाही. त्यांनी व्हॅन गॉगचा आधार घ्यावा. त्याची आर्लमधली झोपायची खोली, १८८८ सालची, वेडीवाकडी दिसते म्हणून लोक चित्रकाराच्या मनःस्थितीवर बोलतात. ती खोलीच तिरकी होती. समोरची भिंत एका बाजूला मागे गेलेली होती. अर्थात बाकीचा वाकडेपणा त्याने हौसेने घातला, पण सुरुवात इमारतीने केली.

भिंत पाडून मागे जाण्याचा प्रश्न आपल्याकडे एकाच धंद्याने पूर्वीपासून सोडवलेला आहे: नाटकाने. मराठी नाटकातला दिवाणखाना आठवा. मधोमध सोफा, एका अंगाला आतल्या खोलीचं दार, दुसऱ्या अंगाला बाहेरचं, मागे खिडकी, आणि चौथी भिंत मुळातच नाही. तिच्या जागी आपण तिकीट काढून बसलेलो. बाजूच्या भिंती सरळ न ठेवता प्रेक्षकांकडे फाकवलेल्या असतात, म्हणजे कडेच्या खुर्चीवाल्यालाही दार दिसावं. युरोपात दरबारी नाट्यगृहांत तेवढीही दया नव्हती. पडद्यावरची पर्स्पेक्टिव्ह फक्त राजाच्या खुर्चीतून बरोबर दिसायची. बाकीच्यांनी आपापली वाकडी बघायची आणि टाळ्या वाजवायच्या. इटलीत विचेंझाला १५८५ साली तेआत्रो ऑलिम्पिको सुरू झालं. तिथे रंगमंचाच्या मागे स्कामोझ्झीने लाकडी रस्ते बांधले, चढत आणि अरुंद होत जाणारे, लांबच लांब भासणारे. ते अजून आहेत. त्या रस्त्यांवरून नट फार आत जाऊ शकत नाही. चार पावलं गेला की दुमजली घराच्या माडीवर त्याची कोपरं टेकतील.

हे आपल्याकडेही घडत असे. संगीत नाटकांच्या जमान्यात कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांसारख्या चित्रकारांनी रंगवलेल्या पडद्यांवर राजवाडे आणि राजमार्ग आत आत जात असत. नट पुढे उभा राहून पद म्हणत असेल तोवर ठीक. तो गाता गाता मागे सरकून पडद्याला टेकला, की राजमार्गाच्या टोकाच्या महालाचं शिखर त्याच्या पगडीला लागलं. प्रेक्षकांनी मनावर घेतलं नाही. त्यांचं लक्ष तानेकडे होतं.

हे सगळं शिकून झाल्यावर माणसाचं काय होतं? त्याला रेघा दिसायला लागतात. लोकलच्या डब्यात टांगत्या कड्यांच्या ओळी, पंखे, खिडक्यांच्या कडा सगळ्या धावत एका ठिपक्याकडे जाताना दिसतात आणि तो ठिपका नेमका भजन म्हणणाऱ्या एखाद्याच्या टाळात असतो. मुलाच्या मुंजीच्या अल्बममध्ये हॉलच्या तोरणांचं क्षितिज शोधलं जातं. आणि रविवारच्या पेपरातली पूर्ण पानाची बिल्डरची जाहिरात नुसती वाचून ठेवून देता येत नाही.

कारण मराठी घरांत वन-पॉइंट पर्स्पेक्टिव्ह सगळ्यात जास्त कुणाच्या कामाला आली असेल, तर ती बिल्डरच्या. या मंडळींना साठ अंशांची अडचण नाही. त्यांचा चित्रकार भिंत काढून बाराव्या मजल्याच्या बाहेर हवेत जाऊन बसतो आणि तिथून हॉल रंगवतो. फरशी पुढे ताणली जाते, पलीकडची बाल्कनी लांब पळते, चपला नसतात, आजोबांचा फोटो नसतो. यालाही थोर पूर्वज आहेत. फ्लॉरेन्सच्या सान्ता मारिया नोव्हेल्लामध्ये १४२७ च्या सुमारास मासाच्चोने सपाट भिंतीवर कमानदार छताचं अख्खं देवघर रंगवून चर्चला जास्तीची जागा मिळवून दिली. अनधिकृत बांधकामाचा इतका देखणा नमुना दुसरा नसेल. आणि रोममध्ये पालाझ्झो स्पादा या एका कार्डिनलच्या वाड्यात, जागा थोडी म्हणून, बोर्रोमिनीने सतराव्या शतकाच्या मध्यावर एक खांबांची ओवरी बांधली. मागे जाताना खांब ठेंगणे होतात, जमीन चढते, छत उतरतं. लांबी नऊ मीटरसुद्धा नाही. भासते पस्तीसच्या आसपास. टोकाला पूर्ण उंचीचा वाटणारा पुतळा उभा आहे, तो प्रत्यक्षात साठेक सेंटीमीटरचा. हा कार्डिनल आज असता तर कल्याण-शीळ रस्त्यावर त्याचे चार टॉवर असते.

म्हणून फ्लॅट बघायला निघालेल्यांना विनंती, की आधी जाहिरातीवर पट्टी लावा. छताच्या आणि फरशीच्या कडा वाढवा, त्या मिळतील तिथे ठिपका द्या, त्यावरून आडवी रेघ ओढा. समोरच्या भिंतीला दार असेल तर ते सात फूट धरा आणि त्या मापाने तीच भिंत मोजा, फक्त तीच. पुढची फरशी मोजू नका, ती चित्रकाराची आहे, तुमची नाही. जो आकडा येईल तो घेऊन बिल्डरच्या ऑफिसात जा आणि रेरात नोंदवलेला कार्पेट एरिया विचारा. २०१६ च्या कायद्याने त्यांना तो सांगावाच लागतो. आणि सॅम्पल फ्लॅटमध्ये नेलं तर पलंगावर आडवे होऊन बघा. पाय बाहेर आले तर खाली उतरा, चपला घाला आणि घरी या.